कोपराखालचे ओरखडे

१

मिस्त्रीला अक्षर येत नव्हतं. लहानपणी शाळेत घातलं होतं, पण बाकाचा एक पाय डुगडुगत होता आणि याचं सगळं लक्ष त्या पायाकडे. चौथ्या दिवशी त्यानं तो ठोकून नीट केला आणि पाचव्या दिवसापासून सुताराकडे जाऊन बसायला लागला. तिथून तारांच्या वाद्यांकडे कसा वळला, ते त्याचं त्यालाही धड सांगता येत नसे. आता सत्तरी उलटली होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीशी लांब बाक, सरसाचा वास आणि सकाळभर हळूहळू चालणारे दोन हात, एवढाच त्याचा संसार उरला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक जवळच, दहा मिनिटांच्या वाटेवर राहायची.

अक्षर नाही, म्हणून गिऱ्हाईक लक्षात ठेवायची त्याची एक रीत होती. गिटार दुरुस्तीला आली की तो तारा उतरवायचा, बोटं फिरतात त्या पट्टीवर पातळ कागद पसरायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायचा. पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पडद्यांच्या रेघा काळ्या उठायच्या. बोटांनी झिजून जिथं खड्डे पडलेत, तिथं कागद पांढरा राहायचा. झाला ठसा. कोपऱ्यात नावाऐवजी चित्र. कुणाला चष्मा, कुणाला सायकल, कुणाला मिशा. "सही खोटी करता येते," मिस्त्री म्हणायचा, "पण बोट कुठं पडतं ते माणसाला लपवता येत नाही." पन्नास वर्षांचे ठसे गठ्ठे बांधून फळीवर ठेवलेले होते. त्यात जावयाचाही होता. पहिल्यांदा घरी आला तेव्हा नवे बूट चावत होते आणि बिचारा लाजेनं ते सांगत नव्हता, म्हणून त्याच्या कागदावर बुटांची जोडी.

त्या दिवशी सुट्टी होती. लेक धापा टाकत जिना चढून आली आणि पाठीवरचं लांबलचक बोचकं तिनं बाकावर ठेवलं.

"काय आणलंस गं? तिरडीच्या बांबूएवढं दिसतंय."

"बाबा, तोंड आवरा जरा. यांनी आणलंय. बेस गिटार आहे. जुन्या बाजारात चपलेच्या भावात मिळाली."

"मग तारा पट्टीपासून उंच झाल्यात का?"

"यांना तसंच सांगितलंय मी." ती स्टुलावर बसली. कमरेला डाव्या बाजूला चाव्यांचा जुडगा खळकला. दवाखान्यातलं चादरी-कपड्यांचं कोठार तिच्या ताब्यात होतं, आणि सुट्टीच्या दिवशीही तो जुडगा कमरेचा सुटत नसे. "तारांचं निमित्त आहे. मला हे कुणाचं होतं ते हवंय."

"का?"

तिनं जुडगा मुठीत धरला. मग म्हणाली, "घरात आल्यापासून ते हिला खाली ठेवत नाहीत, बाबा. खिडकीशी उभे राहतात आणि वाजवतात. जेवायला हाक मारली तर 'आलो' म्हणतात. तास जातो. भांडत नाहीत, चिडत नाहीत, छान हसतात. पण माणूस घरात असून नसल्यासारखा."

मिस्त्रीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी छापखान्यात जावयाचा डावा हात यंत्रात सापडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकूड होऊन बसलं. आधी तो संध्याकाळी वाद्यवृंदात बेस वाजवायचा. ती जाड चार तारांची गिटार अशी, की तिचा आवाज फारसा कुणाच्या कानात भरत नाही, पण थांबली की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. हात गेला आणि त्यानं ती विकून टाकली.

"दोन बोटांनी वाजवतो?"

"दोनच बोटांनी. आणि आधीपेक्षा चांगलं." लेकीनं ओठ चावला. "मालक शोधा बाबा. कुणाची चोरीबिरीची निघाली तर हे आपणहून परत करतील. तसा माणूस आहे. मी 'टाकून द्या' म्हटलं तर कसं ऐकतील?"

२

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तिला उघडली.

डोक्यावर नाव नव्हतं. चार बारीक भोकं होती, म्हणजे कधीकाळी पत्र्याची पाटी ठोकलेली होती. मान आणि अंग जोडणारे स्क्रू काढले. आतल्या खोबणीत शिक्का नाही, तारीख नाही. पातळ फळ्या एकावर एक चिकटवलेलं अंग, वर तपकिरी रंग, त्याखाली काळा. चाळीसेक वर्षांपूर्वी असा माल खूप निघायचा. कारखाना आपलं नाव घालत नसे. दुकानदार हवी ती पाटी ठोकून विकायचा. बिननावाची पोरं ती, मिस्त्री मनाशी म्हणाला, दत्तक जातील त्याचं आडनाव लावायची.

मग त्यानं ती उलटी केली. पाठीवर मधोमध पट्ट्याच्या बकलानं घासून रंग उडाला होता. हे असतंच. वाजवणारा उभा राहतो, बकल लागतं, वर्षानुवर्षं लागतं. त्या खरवडीवरून मिस्त्री माणसाची उंचीसुद्धा सांगायचा.

पुन्हा सुलटी केली. उजव्या हाताचं कोपर जिथं येतं, त्याखालीच, समोरच्या बाजूला ओरखडे होते. एका जागी, पंख्यासारखे पसरलेले. एक लांब, दोन आखूड, एक वाकडा. तीच नक्षी जरा सरकून पुन्हा. पुन्हा. त्यानं नखानं मोजले. अकरा वेळा.

मिस्त्री खिडकीकडे तोंड करून बसला आणि विचार करू लागला. वाद्य पडलं तर कोपरा पिचतो, आपटलं तर खळगा पडतो. वाजवणाऱ्याचं कोपर समोर घासतं खरं, पण त्यानं ओरखडा पडत नाही. आणि त्याच्या अंगावरची दुसरी कुठली वस्तू समोरच्या बाजूला लागू शकत नाही, कारण तो मागं असतो.

म्हणजे समोर दुसरं कुणीतरी उभं होतं. अगदी लागून. तो वाजवत असताना. अकरा वेळा.

"असेल एखादी आवडती," मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या खोलीत ते बोलणं जरा जास्तच वाजलं.

३

जुन्या बाजारातल्या दुकानदाराला सगळे बोका म्हणत. डोळे अर्धे मिटून गादीवर पसरलेला असायचा, पण गिऱ्हाइकानं कपाटाला हात लावला की मिशी हलायची.

"मिस्त्री! आज सूर्य कुठून उगवला?"

"जिथून रोज उगवतो तिथूनच. तुझे डोळे बंद, तुला काय कळणार? माझ्या जावयाला बेस विकलीस, ती कुठून आणलीस?"

"का? परत करायचीये? विकलेला माल आणि लग्न लावलेली पोरगी..."

"परत नाही. विचारतोय."

बोक्यानं डोकं खाजवलं. "घर रिकामं केलं होतं एक. तिसरा मजला. म्हातारा एकटाच राहायचा, तो गेला. घरमालकानं सगळं एकगठ्ठा दिलं. पलंग, आरसा, कपाट आणि ही."

"नाव काय त्याचं?"

"मेलेल्याचं नाव विचारून मी काय करू? पलंगाला लावू?" पण मग बोक्याचे डोळे जरा उघडले. "एक मात्र विचित्र होतं, मिस्त्री. कपाट दोन दारांचं. एका बाजूला म्हाताऱ्याचे कपडे, कोंबून भरलेले. दुसरी बाजू रिकामी. नुसते हँगर टांगलेले, ओळीनं. आणि धूळ नाही. अख्ख्या घरात धुळीचे थर, आणि त्या रिकाम्या अर्ध्या कपाटात बोट फिरवलं तर स्वच्छ. रोज पुसत असणार."

"बायको असेल. आधी गेली असेल."

"असेल. फोटोबिटो काही नव्हता. आणि खिडकीपाशी फरशी झिजलेली. दोन पावलांएवढी. माझा हमाल त्यात पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, शेठ, बरोबर बसतात. म्हटलं, उतर खाली, कपाट उचल."

"घर कुठल्या गल्लीत?"

बोक्यानं तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं. "अरे! आत्ता तोंडावर होतं. हमालाला ठाऊक असेल." हमाल आत चहा पीत होता. त्यानंही आठवून बघितलं. जिना आठवत होता, वळणावर कपाट अडकलं ते आठवत होतं. गल्ली आठवत नव्हती. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मिस्त्रीही हसला. पण त्याच्या मनात पाल चुकचुकली.

४

ठसा घ्यायचं काम त्यानं मुद्दाम मागं ठेवलं होतं. जेवण झालं, भांडी झाली, पटाशीला धार लावून झाली. मग कागद पसरला.

पेन्सिल फिरत गेली तसे खड्डे उमटत गेले. चांगले खोल. वीस-पंचवीस वर्षांखाली असे खड्डे पडत नाहीत. आणि सगळे दोनच बोटांचे. पहिलं आणि मधलं. तिसऱ्या-चौथ्या बोटाला जिथं पोचायला हवं, तिथं पट्टी कोरी, कारखान्यातून आल्यासारखी. ते सूर दुसऱ्या तारेवर सबंध हात सरकवून घेतलेले दिसत होते. मधलं बोट पडद्याला टेकून पडायचं, आणि पहिलं पाचव्या पडद्याशी आलं की डावीकडे जरासं घसरायचं. खड्ड्याला शेपूट फुटल्यासारखं.

ते शेपूट मिस्त्रीनं पाहिलेलं होतं.

तो उठला, फळीवरचे गठ्ठे काढले आणि एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरत गेला. चष्मा. सायकल. मिशा. कावळा, तो कोण ते आता आठवेना. दुपार कलायला आली तेव्हा बुटांची जोडी हाती लागली.

त्यानं दोन कागद एकावर एक ठेवून काचेला लावले.

बुटांच्या कागदावर चार बोटं होती. या कागदावर दोन. पण जी दोन होती, ती तीच होती. तीच जागा, तेच टेकणं, पाचव्या पडद्याशी तेच शेपूट.

जावयाकडे ही गिटार येऊन सोळा दिवस झाले होते.

मिस्त्री तसा सरळ डोक्याचा माणूस. त्यानं स्वतःची समजूत घातली. जगात माणसं किती, बोटं किती. एकासारखा दुसरा असायचाच. पेन्सिल कमी-जास्त दाबली गेली असेल. त्यानं दुसरा ठसा घेतला. मग तिसरा. मग कागद संपले.

५

"वाजवून दाखव," त्यानं जावयाला सांगितलं. दुसऱ्या सकाळी दोघांना बोलावून घेतलं होतं. "तुझा हात कसा पडतो ते बघू दे. तारा तशा बसवतो."

जावयानं गिटार गळ्यात घातली आणि सवयीनं खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चेहरा उजळला होता. "बाबा, खरं सांगू? या हाताला मी शिव्या देत होतो. जेवताना बघायचो नाही त्याच्याकडे. आता सकाळी उठलो की आधी तोच जागा होतो."

"इतकं सोपं जातं?"

"मला काही करावंच लागत नाही. बोटांना जागा ठाऊक आहेत."

तो वाजवू लागला. सावकाश, खोल, खालच्या फरशीतून वर आल्यासारखं. मिस्त्रीनं जन्मात पुष्कळ वादक ऐकले होते. एवढं शांत वाजवणारा ऐकला नव्हता. बाकावरचे खिळे वाटीत हलकेच थरथरत होते.

लेक आतून चहा घेऊन आली. "अहो, चहा." तो हसला, मान हलवली, वाजवत राहिला. "अहो." तिनं कप बाकावर ठेवला आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मग, बाप बघतोय हे विसरून असेल किंवा नाइलाजानं असेल, पुढं होऊन तिनं आपलं कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं. तो थांबला नाही. ती तशीच उभी राहिली. मध्ये गिटार होती.

चाव्या लाकडावर खरडल्या.

"झालं!" ती मागं सरली. "ओरखडा पडला का? बाबा, पुसता येईल?"

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "राहू दे इथंच आजचा दिवस. उद्या देतो."

दोघं गेल्यावर त्यानं भिंग घेतलं. एक लांब, दोन आखूड, एक वाकडा. नवा ओरखडा पांढरा होता, कडेला लाकडाची कुसळं उठली होती. बाकीचे अकरा त्याच्याच आकाराचे, पण मातकट, काळपट झालेले. त्यानं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. कड बोटाला लागतच नव्हती.

इथं मिस्त्री बराच वेळ थांबला, कारण ही गोष्ट त्याच्या धंद्यातली होती आणि धंद्यातल्या गोष्टीत त्याला स्वतःला फसवता येत नसे. ओरखड्यांची कड मोडली होती ती वाजवणाऱ्याच्या कोपरानं. कोपर घासून घासून ते गुळगुळीत झाले होते. सगळेच. एकही मधल्या काळातला नव्हता, एकही अलीकडचा नव्हता. सुरुवातीला बारा महिन्यांत, फार तर दोन वर्षांत पडलेले. त्यानंतर वीस वर्षं तो वाजवत राहिला होता, आणि समोर कुणी येऊन उभं राहिलं नव्हतं.

६

"मालक सापडला," त्यानं लेकीला सांगितलं.

आयुष्यात तो खोटं फारसं बोलला नव्हता, त्यामुळे त्याचं खोटं चटकन खपलं. जावयानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ज्याची वस्तू त्याला गेली पाहिजे, बाबा." आणि डावा हात खिशात घातला.

मिस्त्रीनं तारा उतरवल्या, मान वेगळी केली, दोन्ही तुकडे जुन्या चादरीत गुंडाळले आणि कपाटाला कुलूप घातलं. जाळावी असं एकदा मनात आलं. पण जाळून काय जळेल आणि काय उरेल ते त्याला कळेना, म्हणून हात धजावला नाही.

तीन आठवडे गेले. कामं येत होती, जात होती. एकदा एक माणूस फुटलेलं व्हायोलिन घेऊन आला आणि त्यावर बायकोच बसली असं सांगताना इतका हसला की मिस्त्रीलाही हसू आवरेना. कपाटाकडे पाठ करून बसायची त्यानं सवय लावून घेतली.

७

चौथ्या आठवड्यात लेक आली. स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाबा, त्या मालकाला विचारा ना, विकत देतो का."

"आता काय झालं?"

"मीच चुकले. आधी निदान हसत तरी होते. आता नुसते बसून असतात. हात मांडीवर, आणि दोन बोटं हलत असतात. रिकाम्या मांडीवर, बाबा." तिनं डोळे पुसले. "मी काढून घेतलं त्यांच्याकडून. पत्ता द्या, मी जाते. पाया पडते त्याच्या."

"तो नाही देणार."

"असा कोण लागून गेलाय?"

मिस्त्रीनं रंधा उचलला, खाली ठेवला. खोटं पुरवून पुरवून किती पुरवणार? जे ठाऊक होतं तेच तोंडात आलं. "म्हातारा आहे. एकटाच असतो. तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी उभा राहून वाजवतो."

"बायको?"

"होती."

"गेली?"

"हं. लवकर गेली. लग्नानंतर थोडीच वर्षं." त्यानं रंध्यावरचा भुसा झटकला. "तिचं अर्धं कपाट रोज पुसतो."

लेकीच्या चेहऱ्यावरचा हट्ट हळूहळू उतरत गेला. लहानपणी ती खेळणं दुसऱ्या पोराला देऊन टाकायची, तेव्हा अशीच दिसायची.

"अरेरे," ती म्हणाली. "मग राहू दे, बाबा. त्याला तेवढीच सोबत. आपण नको मागायला." आणि पदर नीट करत, स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाली, "यांना काय, यांना मी आहे."

ती जिन्याकडे वळली. मिस्त्रीनं किल्ली काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. कपाट उघडलं, चादर बाजूला केली, अंग उजेडात आणून भिंग धरलं.

ओरखडे बाराच होते. पण नवा कुठला ते त्याला ओळखू येईना. बाराही काळपट होते. बाराही गुळगुळीत, वीस वर्षं कोपर फिरल्यासारखे. त्यानं अंगठा फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला. लाकूड कोमट लागत होतं, नुकतंच कुणीतरी कोपर उचलल्यासारखं.

त्यानं भिंग खाली ठेवलं. कपाट उघडंच राहिलं, खोलीचं दारही नुसतं ओढून घेतलं. गुडघे धरून तो जिना उतरला, दोन-दोन पायऱ्या, गेल्या दहा वर्षांत उतरला नव्हता तसा.

"अगं, थांब! मी येतो."

ती रस्त्याच्या कडेला थांबली. "तुम्ही? आत्ता? दुकान?"

"राहू दे दुकान. तुझ्या घरी चहा पितो."

"काय बिघडलंय का, बाबा?"

"चहा प्यायला बिघडावं लागतं का?"

ती हसली. समोरून गाड्या चालल्या होत्या. मिस्त्रीनं तिचं मनगट धरलं, घट्ट, पाच वर्षांच्या पोरीचं धरावं तसं. ती सोडवून घ्यायला बघत होती आणि हसत होती. चाव्या खळखळत होत्या.

"अहो बाबा, लोक बघतायत! रोज माझाच रस्ता आहे हा. किती दिवस असं पोचवणार मला?"

मिस्त्रीनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं, आणि मगच पहिलं पाऊल टाकलं.